बारीक जाळीची मच्छरदाणी, सुकीकाठच्या दोन रात्री आणि माझे घोटे

मी भुसावळला घरीच शिलाईकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, लग्नसराईत अस्तरांचे ढीग. बावीस वर्षं झाली. त्यामुळे मच्छरदाणी हातात आली की मी आधी ती उलटी करून शिलाई बघते. मच्छरांचा विचार नंतर. हे आधीच सांगते, कारण पुढे टाके, घेर, झालर यांचं पुराण बरंच आहे. ज्यांना फक्त ‘घेऊ की नको’ एवढंच हवंय त्यांना: घ्या, पण शिवून घ्या, आणि संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही कुठे बसणार आहात ते मच्छरदाणी घेण्याआधी ठरवा.

दुसरी गोष्ट, मला मच्छर फार चावतात. आमच्या घरात दहा माणसं बसली असली तरी ते पत्ता विचारत माझ्याकडेच येतात. सासूबाई म्हणायच्या, तुझं रक्त गोड आहे. रक्त गोड-बिड काही नसतं. आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साईड, अंगाची ऊब आणि कातडीचा वास यावर ती येते. ‘ती’ म्हणायचं, कारण चावते ती मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. आमचे हे रेल्वेत लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारे. रात्री-बेरात्री कुठल्याही रनिंग रूममध्ये पाठ टेकली की झोपतात आणि सकाळी म्हणतात, ‘मच्छर? कुठे होते?’ त्यांनाही चावतातच. फक्त त्यांच्या अंगावर गांधी उठत नाहीत. माझ्या अंगावर रुपयाएवढ्या उठतात.

निमित्त झालं सुरतेच्या भाच्याचं. कोजागिरीला लागून आलेल्या शनिवार-रविवारी त्याला ‘कॅम्पिंग’ करायचं होतं. नणंद, तिचा हा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी, असे तिघं ताप्तीकाठच्या गाडीने येऊन धडकले. यांच्या खात्यातल्या एका मित्राचं खिरोद्याच्या पुढे, पालच्या अलीकडे शेत आहे. केळीचा बाग, मागे सातपुडा, बाजूला सुकी नदी. दोन रात्री तिथे उघड्यावर झोपायचं ठरलं. मला पहिला विचार घोट्यांचा आला.

भाच्याने आधीच एक मच्छरदाणी ऑनलाइन मागवून ठेवली होती. ती पिशवीतून काढली की फट्‌दिशी उघडते तसली, ८९९ रुपयांची. उघडताना मजा वाटते, हे मान्य. घडी घालताना तिघांना घाम फुटला आणि शेवटी तिच्यावर बसावं लागलं, तो भाग जाहिरातीत नसतो. कंपनीचं नाव घेत नाही. अशा डझनभर असतील आणि सगळ्या एकाच साच्यातून आल्यासारख्या दिसतात.

मी काय केलं, लग्नपत्रिकेच्या जाड कागदात एक इंचाची चौकोनी खिडकी कापली, ती जाळीवर ठेवली आणि यांचं भिंग घेऊन सुईच्या टोकाने भोकं मोजली. आडवी दहा, उभी अकरा. म्हणजे चौरस इंचाला ११०. बाजारात साध्या मच्छरदाणीला ‘एकशे छप्पन’ म्हणतात ते उगाच नाही: बारा गुणिले तेरा. त्यापेक्षा विरळ जाळी म्हणजे मच्छराला नुसतं अंग चोरून आत यायचं काम. त्यातही खरी गंमत पुढे आहे. ज्या गोल काडीवर ही मच्छरदाणी ताणलेली असते, त्या वळणावर मोजलं तर इंचात आठच भोकं भरली. जाळी ताणली की वीण सरकते आणि भोकं पसरतात. ब्लाऊज काखेत घट्ट झाला की कापड जसं विरतं तसंच. आणि मच्छर नेमका त्या वळणाशी, डोक्याच्या वर, येऊन बसतो.

शिवाय हिला खालून कापड होतं पण ते जाळीला एका साध्या टाक्याने जोडलेलं, पायपिंग नाही. दोनदा उघडली-मिटली तोवर कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी उसवली. मी ती घरी दुहेरी शिलाईने परत मारली. ८९९ रुपयांत माझी मजुरी धरलेली नाही.

म्हणून मी आमच्या बाजारातल्या गादी-रजईच्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही, काकांना नाव झालेलं आवडणार नाही. भुसावळच्या बायकांना अरुंद बोळातलं, बाहेर कापसाच्या गाठोड्यावर मांजर झोपलेलं दुकान म्हटलं की कळेल. काका सत्तरीचे, पायमशीनवर बसतात आणि गिऱ्हाइकाशी मान वर न करता बोलतात. मी म्हटलं, ‘मच्छरदाणी शिवायची आहे, बारीक जाळीची.’ ते म्हणाले, ‘बारीक कशाला? वारा येणार नाही.’ मी म्हटलं, ‘नणंद सुरतेहून आली आहे, तिला वाळूमाशीची भीती आहे.’ त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

ही भीती उगाच नाही. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये चांदीपुरा तापाने लहान मुलं दगावली, तेव्हापासून नणंदेच्या डोक्यातून वाळूमाशी गेलेली नाही. नाव गुजरातचं वाटतं, पण चांदीपुरा हे गाव आपल्या नागपूर जिल्ह्यातलं. हा विषाणू १९६५ साली तिथे पहिल्यांदा सापडला म्हणून हे नाव. तो पसरवते ती ही माशी, मच्छराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या आसपास, दमट अंधारात राहते. साध्या जाळीच्या भोकातून ती सहज आत येते. भुसावळच्या तिसऱ्या मजल्यावर तिची चिंता करायचं कारण नाही. शेतात गोठ्याशेजारी झोपायचं तर आहे, आणि सोबत सहा वर्षांची पोर असेल तर जास्तच आहे.

काकांनी आतून एक ताका काढला. माझ्या खिडकीत मोजला: बावीस गुणिले तेवीस, ५०६. हाताला मऊ, आणि ताणली तरी भोकं सरकत नाहीत, कारण वीण गाठीची आहे. मग आमची घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, खालचे दोन फूट जाळी नको, मांजरपाटाचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा पट्टा लावा. कारण झोपेत हातपाय जाळीला टेकतात आणि जाळी कितीही बारीक असली तरी टेकलेल्या हाताला बाहेरून सोंड घालता येते. सोंडेला भोक लहान पडत नाही, माशीला पडतं. आमच्या आईच्या घरच्या पलंगावरच्या मच्छरदाणीला असाच पट्टा होता. लहानपणी मला वाटायचं तो शोभेचा आहे.

काका म्हणाले, ‘तू शिंपीण आहेस ना? मग घरीच शीव.’ मी म्हटलं, माझ्या मशीनवर ही जाळी दाताखाली गोळा होते. ते खरंही आहे. जाळी शिवायची तर खाली वर्तमानपत्राचा कागद धरून शिवावी लागते आणि मग कागद फाडून काढावा लागतो. काका कागद न लावता शिवतात, कसं ते सांगत नाहीत. सहा फूट बाय सात फूट, उंची साडेपाच, चारही कोपऱ्यांना दुहेरी नाडी, वर मध्ये एक कडी. जाळी, पट्टा, शिलाई धरून १,४५० रुपये. तीन दिवसांत दिली.

शनिवारी दुपारी निघालो. फैजपूरला लिंबं आणि बर्फ घेतला. या फैजपुरात १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तेव्हा नंदलाल बोसांच्या कल्पनेतून बांबूचं अख्खं नगर उभं राहिलं होतं. आम्हाला तिथून पुढे जाऊन एका मच्छरदाणीसाठी चार बांबू उभे करायला पाऊण तास लागला. दोन यांनी पुरले, ते तिरपे झाले.

जागा आम्ही चुकीची निवडली. हे तेव्हा कळलं नाही, कारण जागा फार सुंदर होती. केळीच्या बागेची कड, हिरवीगार सावली, खाली ओल, पलीकडे गोठा, पाण्याला जवळ म्हणून ठिबकच्या टाकीशेजारी. भाचा म्हणाला, ‘मामी, फोटो बघ कसला येतोय.’ फोटो आला. आणखीही बरंच काही आलं.

साडेपाचला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवून वांगी भाजायला घेतली. भरताच्या वांग्यांचा खरा हंगाम थंडीतला, पण सुरतेच्या माणसांना ते सांगून उपयोग नसतो. जोवर पऱ्हाट्यांचा धूर होता तोवर सगळं छान. वांगी सोलायला बसलो, विस्तव खाली बसला, सूर्य डोंगरामागे गेला आणि पाच मिनिटांत माझे घोटे गेले. मच्छर पायांवर जास्त येतात. खाली बसलेल्या माणसाचे घोटे, पोटऱ्या, पाठ म्हणजे पंगतच. दोन्ही हात वांग्याच्या काळ्या सालींनी भरलेले, मारायलाही सोय नाही. मी डाव्या पायाने उजवा पाय खाजवत भरीत घोटलं. रात्री कंदिलाशी बसून मोजले, दोन्ही घोटे मिळून एकोणतीस. नवी मच्छरदाणी तेव्हा वीस पावलांवर उभी होती, आत चिटपाखरू नाही, मांजरपाटाचा पट्टा पांढराशुभ्र.

मच्छरदाणीचा परीक्षण-लेख लिहिणारे हे लिहीत नाहीत. आपण मच्छरदाणीत शिरतो दहाला. तोवर ज्यांना चावायचं ते चावून, पोट भरून, पानाखाली जाऊन बसलेले असतात. ती रात्री उशिरा उपयोगी नाही असं नव्हे. मलेरियाचा अ‍ॅनॉफिलीस रात्रीच चावतो, मध्यरात्रीनंतरही, म्हणून तिच्याशिवाय झोपायचं नाहीच. पण चावे मोजायला बसलात तर हिशेब संध्याकाळच्या खात्यावर निघतो.

भाच्याकडे या वेळेसाठी शस्त्रं होती. एक, मनगटात घालायचे सुगंधी पट्टे. सिट्रोनेलाचा वास, म्हणजे आपला गवती चहा डब्यात विसरल्यासारखा. मला पट्ट्याच्या दोन बोटं वर चावलं. पट्टा मनगटाचं रक्षण करत असेलही, पण उरलेली मामी उघडीच होती. दोन, मोबाइलमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं अ‍ॅप. त्याच्या पडद्यावरच एक मच्छर येऊन बसला, त्याचा फोटो नणंदेने काढून ठेवला आहे. तीन, फवारा. हा मात्र खरा. बाटलीवर डीट ३० टक्के लिहिलेलं. अमेरिकेच्या सैन्यासाठी १९४०च्या दशकात काढलेलं, मच्छर दूर ठेवणारं औषध आहे, आणि तेव्हापासून याला सरळ हरवणारं फार काही आलेलं नाही. पायांना लावल्यावर त्या पायांवर रात्रभर एकही चावा नाही. मच्छर बोटभर अंतरावर येऊन घोटाळतात आणि निघून जातात, बघायला गंमत वाटते. जिथे लावायचं राहिलं, कानामागे आणि सँडलच्या पट्ट्याखाली, तिथे मात्र बरोबर सापडतात.

पण शिलाईवाल्यांनो, ऐका. माझ्या गळ्यात नेहमी टेप असतो, कामाला नसले तरी. हाताला फवारा मारला आणि सवयीने टेप धरला. सकाळी बघते तर चौदा ते एकोणीस इंचांमधले आकडे चिकट होऊन पुसले गेलेले, आणि नखांचं पॉलिश च्युइंगमसारखं. डीट प्लॅस्टिक विरघळवतं. घड्याळाचा पट्टा, चष्म्याची काडी, रेयॉन, लेगिंगमधला ताणणारा धागा, सगळ्यांना जपा. सुती कापडाला आणि नायलॉनला काही होत नाही, त्यामुळे मच्छरदाणीची काळजी नाही. लहान मुलीला आम्ही आपल्या हातावर घेऊन मग लावलं, तिच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ नाही, कारण मुलांचे हात कुठे जातात ते सर्वांना ठाऊक आहे. झोपायच्या आधी पाय धुऊन टाकले. टेप नवा घ्यावा लागला, २० रुपये. मागायला गेले नाही कुणाकडे.

रात्री दहाला दोन मच्छरदाण्या. माझ्यात नणंद, तिची मुलगी आणि मी. फट्‌दिशी उघडणारीत मामा-भाचे. भाच्याला आत कॉइल लावायची होती. मी ती काढून लांब फेकली. नायलॉनच्या जाळीत जळती कॉइल, खाली पेंढा, आणि बंद जागेत तो धूर छातीत. एकदा जाळी पेटली की ती वितळून अंगाला चिकटते, माझ्या इस्त्रीखाली मी हे पाहिलं आहे.

आमच्या मच्छरदाणीत रात्रभर एकही चावा नाही. हे मी टॉर्च लावून खात्री करून लिहिते. बाहेरून जाळीवर मोजून अकरा बसलेले दिसले, आत शून्य. पोरीचा पाय मांजरपाटाला टेकूनच होता, तरी काही नाही. काकांचं म्हणणंही खरं ठरलं: वारा येत नाही. केळीच्या बागेत आधीच हवा कोंडलेली, त्यात ५०६ची जाळी. ऑक्टोबरची उकाड्याची रात्र, दोन वाजता उशी भिजली. ज्यांना मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात गच्चीवर लावायची असेल त्यांनी बारीक जाळी घेऊच नये. गच्चीवर वाळूमाशी सहसा येत नाही, आणि १५६ची साधी जाळी वारा देते. बाजूच्यांनी मात्र सकाळी हिशेब दिला. भाच्याच्या कपाळावर चार, ओळीत, काडीच्या वळणाखाली. हे म्हणाले, ‘मला काही नाही.’

सकाळ उजाडली म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं. आठ वाजता केळीत तोंड धुवायला गेले तर पायावर काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. हा डेंग्यूवाला, हा दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलताना जास्त. केळीच्या पानाच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठतं, तिथेही तो अंडी घालतो. टाकीशेजारी एक दोनशे लिटरचा निळा ड्रम होता, झाकण नसलेला. आत बघितलं तर पाणी नाचत होतं. इतक्या अळ्या मी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातही पाहिल्या नव्हत्या. अंड्यापासून उडता मच्छर व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे हे आमच्यासाठी नवरात्रातच पेरून ठेवलेलं पीक. मी पाणी शेतात ओतून दिलं आणि ड्रम पालथा घातला. राखणदाराने बघितलं, काही बोलला नाही. दुपारी आणखी एक ड्रम पालथा घातलेला दिसला.

आणि हो, कमरेवर. सलवारीच्या नाडीच्या रेषेवर, बरोबर नाडीच्या रुंदीत, लाल बारीक पुळ्यांची माळ. हे मच्छर नाही. गवतातल्या अगदी बारीक किडी, डोळ्यांना नीट दिसतही नाहीत, त्या अंगावर चढतात आणि कापड जिथे घट्ट बसतं तिथे थांबून चावतात: नाडी, इलॅस्टिक, मोज्याची कड. मी संध्याकाळी गवताच्या बांधावर फतकल मारून बसले होते, सतरंजी न घालता. या किड्यांतल्या काहींकडून स्क्रब टायफस नावाचा ताप होतो. म्हणून घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर डॉक्टरला ‘गवतात झोपले होते’ हे स्वतःहून सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही. मला काही झालं नाही, खाज मात्र दसऱ्याचं देणं असल्यासारखी आठवडाभर मागे लागली. भाच्याने पँट मोज्यात खोचली होती, त्यावर मी आदल्या दिवशी हसले होते. त्याची पँट त्याने सुरतेलाच परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून, वाळवून आणलेली. हे कपड्याला लावायचं असतं, अंगाला नाही, आणि ओलं असताना मांजरीला जवळ येऊ द्यायचं नाही, तिला ते विष आहे. गोठ्यातल्या कुत्र्याच्या कानात गोचिडं द्राक्षांसारखी लटकत होती आणि ते सगळ्यात जास्त भाच्याच्याच मांडीवर बसायचं. त्याच्या पँटवर एकही चढलं नाही.

राखणदार तडवी, पन्नाशीचे, मितभाषी. रविवारी दुपारी आले, बांबूकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘इथी काहून झोपले भो? गुरं बी इथी झोपत नाही.’ मग त्यांनीच शंभर-दीडशे पावलांवरचं मुरमाड टेकाड दाखवलं. गवत नाही, सावली नाही, फोटो येणार नाही असं. पण नदीकडून वारा सरळ अंगावर येत होता. मच्छर उडायला दुबळे असतात, वाऱ्यात त्यांना धड बसता येत नाही. आम्ही बांबू उपटून तिथे नेले. या वेळी चारही सरळ उभे राहिले, कारण पुरले राखणदारांनी.

संध्याकाळी त्यांनी शेणाच्या दोन गोवऱ्या पेटवल्या आणि वर ओला कडुलिंब आणि निरगुडीचा पाला टाकला. भाचा उत्साहाने ती पाटी आमच्या मधोमध आणून ठेवायला गेला. ‘वारं पाह्य ना आधी. नाही तं मच्छर ऱ्हाईन अन् तुम्हीच पयसान,’ ते म्हणाले. पाटी वाऱ्याच्या बाजूला, आठ-दहा हातांवर ठेवली. धूर आमच्या पायांवरून जमिनीलगत सरकत जायचा, तोंडात यायचा नाही. मी घरून चार्जिंगचा छोटा पंखा आणला होता, शिलाईच्या टेबलावरचा. तो जमिनीवर, पायांच्या रोखाने लावला. आदल्या दिवशी तोच पंखा मी तोंडावर लावून बसले होते, मूर्खासारखी. पायात मोजे, पूर्ण बाह्यांचा जुना पांढरा सदरा, त्यावर डीट. पांढऱ्या ट्यूबऐवजी पिवळा बल्ब, तोही आमच्यापासून लांब फांदीला, म्हणजे किडे तिकडे जमतील.

चंद्र वर आला, दूध आटलं. केशर, चारोळी, जायफळ. आदल्या रात्री चहात तीन चिलटं पडली होती. त्या रात्री पातेल्यात एक पतंग पडला, तो यांच्या पेल्यात गेला आणि यांनी तो चारोळी समजून… जाऊ द्या. घोट्यांवर नवे चावे दोन. तेही बाईमाणसाला रात्री आडोशाला जावं लागतं तेव्हाचे. त्यावर कुठल्याच दुकानात उपाय नाही.

आता वस्तूचं खरं-खोटं. काकांच्या मच्छरदाणीची जाळी, शिलाई, पट्टा, सगळ्यांना पैकीच्या पैकी. दोन रात्री, चार वेळा बांधणं-सोडणं, एक टाका हलला नाही. नाडीचे कोपरे दुहेरी आहेत, भाचा अडखळून पडला तरी बांबू आला, नाडी सुटली नाही. धुतल्यावर मांजरपाट बोटभर आटला, जाळी आटली नाही, त्यामुळे जोडावर चुण्या पडल्या. चूक माझी, पट्टा आधी भिजवून द्यायला हवा होता. मी स्वतःच्या गिऱ्हाइकांना हेच ओरडून सांगते. ओझं मात्र आहे. वाळलेली घडी सव्वा किलो भरते, पाठीवर घेऊन तोरणमाळ चढणाऱ्यांनी विचार करावा. आणि उकाड्याचं वर सांगितलंच.

काकांशी एकच भांडण. त्यांनी दाराला चेन लावली, प्लॅस्टिकची. दुसऱ्या रात्री तिचा रनर जाळीत अडकला आणि लहान मुलीला बाहेर जायचं होतं, घाईने. घरी आल्यावर मी चेन उसवून टाकली आणि जुन्या पद्धतीचं दार केलं, दोन पडदे हातभर एकावर एक येतील असं. त्यात अडकायला काही नाही, आणि माणूस आत शिरताना मच्छराला फट सापडत नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘आजकाल लोक चेनच मागतात.’ मी चेन परत दिली. त्यांनी तिचे ३० रुपये परत दिले, न मागता.

नणंदेने सुरतेला जाण्याआधी तिच्यासाठी एक शिवायला टाकली. भाच्याची ८९९वाली आमच्या गच्चीवर आहे. तिच्याखाली मी पापड वाळवते, कावळे येत नाहीत.

शिवायला टाकाल तर एवढं करा: खाली गादीखाली खोचायची झालर १८ इंच सांगा आणि समोर टेपने मोजून घ्या. नाही सांगितलं तर काका ९च धरतात, आणि रात्री कुणी कूस बदलली की ती निसटते.